उठला तो तोच का?

छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे दिवस आले की प्रयोगशाळेत एक तक्रार हमखास कानावर येते : "सर, बोर्ड झोपलं ते उठलंच नाही." बोर्ड म्हणजे बहुधा नोडएमसीयू. बोटभर लांबीचं, वायफाय असलेलं, विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारं. कुणी त्यावर मोसंबीच्या बागेतली मातीची ओल मोजत असतं, कुणी टाकीतली पाण्याची पातळी. सरांचा उलट प्रश्नही ठरलेला : "डी-झीरो आरएसटीला जोडलास का?"

जोडलेला नसतोच.

ही दोन इंचांची वायर नीट समजून घेण्यासारखी आहे. नोडएमसीयूवरची ईएसपी-८२६६ ही चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची, २०१४ सालची. तिला 'डीप स्लीप'मध्ये घातलं की प्रोसेसर बंद, रेडिओ बंद, मुख्य रॅमचा वीजपुरवठाही बंद. चालू राहतं ते एक बारीकसं घड्याळ. ठरलेली वेळ भरली की हे घड्याळ डी-झीरो नावाच्या पिनवर एक टिचकी मारतं. ती वायरीतून रिसेटच्या, म्हणजे आरएसटीच्या, पिनपर्यंत पोचली तर चिप सुरू होते. नाही पोचली तर सेल संपेपर्यंत झोपूनच राहते. म्हणजे हिचं उठणं हा खरं तर रिसेट आहे. प्रोग्रॅम जिथे थांबला होता तिथून पुढे चालत नाही, पहिल्या ओळीपासून सुरू होतो. मागच्या खेपेला काय मोजलं, ते पाठवलं की राहिलं, आतापर्यंत कितीदा उठणं झालं, सगळं पुसलेलं. घड्याळाच्या शेजारचा ५१२ बाइटचा एक कोपरा तेवढा शाबूत.

मग उठली ती तीच का? वस्तू म्हणून तीच, यात वाद नाही. पण काम करणारी म्हणून?

माणसाबद्दल हा प्रश्न फार पूर्वीच विचारून झाला आहे, आणि तोही प्रात्यक्षिकासह. बृहदारण्यक उपनिषदात बालाकी नावाचा एक गर्विष्ठ विद्वान काशीच्या अजातशत्रू राजाला ब्रह्म शिकवायला जातो. सूर्यातला पुरुष, चंद्रातला पुरुष, विजेतला पुरुष अशी त्याची यादी राजा एकेक करून मोडीत काढतो. मग शिकवायला आलेल्यालाच हाताला धरून एका झोपलेल्या माणसापाशी नेतो. मोठमोठ्या नावांनी हाका मारतो. माणूस हलत नाही. हाताने हलवतो तेव्हा उठून बसतो. राजाचा प्रश्न असा : हा झोपला होता तेव्हा याच्यातला जाणणारा कुठे होता, आणि आता कुठून आला? बालाकीकडे उत्तर नव्हतं.

छांदोग्यातला इंद्र तर गाढ झोपेला घाबरलाच. प्रजापतीने त्याला सांगितलं की स्वप्नही नसलेली शांत झोप हाच आत्मा. इंद्र निघाला, पण अर्ध्या वाटेवरून परतला. तिथे 'हा मी' एवढंही कळत नाही, तो तर नाशच झाला, मला यात काही चांगलं दिसत नाही, अशी त्याची तक्रार. या तक्रारीच्या उत्तरासाठी त्याने आणखी ५ वर्षं काढली. एकूण १०१ झाली. त्याच्याबरोबर आलेला विरोचन पहिल्याच धड्यावर समाधान मानून घरी गेला होता. विद्यार्थी म्हणून इंद्र उजवा, हे मान्यच करायला हवं.

या सगळ्या शंकांचा कायदेशीर म्हणावा असा निकाल ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात लागतो. गाढ झोपेत जीव ब्रह्मात लीन होतो असं मानलं, तर पूर्वपक्ष विचारतो, उठणारा तोच कशावरून? पाण्याच्या साठ्यात एक थेंब टाकला आणि नंतर एक थेंब काढला, तर तो तोच थेंब असं कोण सांगेल? सूत्रकार चार कारणं देतात. काल अर्धं टाकलेलं काम माणूस आज उठून पुढे नेतो, हे पहिलं. काल पाहिलेलं त्याला आठवतं, हे दुसरं. श्रुती तसंच सांगते, हे तिसरं. आणि चौथं म्हणजे विधी : उठणारा दुसराच असेल तर कुणी काय करावं हे सांगणारं शास्त्र फुकट जाईल, कारण एकाने करायचं आणि दुसऱ्याने भोगायचं असा प्रकार होईल.

काम, आठवण, शब्द, विधी. आपल्या बोर्डावरच्या वायफाय मॉड्यूलला लावून पाहण्यासाठी ही चौकट अगदी सोयीची आहे, आणि ती लावली की मॉड्यूलपेक्षा चौकटीबद्दलच जास्त कळतं.

आधी आठवणीचं बघू. तिला वीज लागते. रॅममधला एकेक बिट साधारण सहा ट्रान्झिस्टर मिळून धरून ठेवतात, आणि काहीही न करता नुसतं धरून ठेवायलाही त्यांच्यातून विजेची गळती होत राहते. ईएसपी-८२६६ नंतर २०१६ साली आलेल्या ईएसपी-३२ चे आकडे त्यासाठी बोलके आहेत. रेडिओ पूर्ण ताकदीने बोलत असताना ती २४० मिलिअँपिअरपर्यंत जाते. 'लाइट स्लीप'मध्ये साधारण ०.८ मिलिअँपिअर, इथे रॅम शाबूत असते आणि उठल्यावर प्रोग्रॅम पुढच्याच ओळीपासून चालू लागतो. 'डीप स्लीप'मध्ये ५२० किलोबाइटची मुख्य रॅम सोडून दिली जाते, आठ-आठ किलोबाइटचे दोन छोटे कप्पे उरतात, आणि खर्च १० मायक्रोअँपिअरवर येतो. त्याच्याही खाली 'हायबर्नेशन'. तिथे कप्पेही गेले, फक्त घड्याळ. खर्च ५ मायक्रोअँपिअर. म्हणजे झोपेतला निम्मा खर्च निव्वळ आठवणीचा. नॉर्वेच्या नॉर्डिक कंपनीच्या एनआरएफ-५२८३२ या ब्लूटूथ चिपचंही गणित त्याच जातीचं : पूर्ण बंद असताना ०.३ मायक्रोअँपिअर, ६४ किलोबाइट रॅम सांभाळायची तर ०.७.

मराठवाड्याच्या मे महिन्यात हा हिशेब आणखी बिघडतो. तापमान वाढलं की सिलिकॉनमधली गळती वाढते, आणि ४२ अंशांच्या उन्हात बांधावर टांगलेल्या बंद डब्याच्या आत त्याहून जास्तच असतं. डेटाशीटमधले झोपेचे आकडे सहसा २५ अंशांचे असतात. २५ अंश आणि मे महिन्यातली दुपार यांची इथे गाठ पडत नाही.

पण विसरणं स्वस्त असतं असंही नाही. उठल्यावर वायफायला जोडायचं तर मॉड्यूलला सगळे चॅनेल चाळून राउटर शोधावा लागतो, ओळख पटवावी लागते, पत्ता मागून घ्यावा लागतो. यात पाचेक सेकंद जातात असं धरू, आणि तेवढा वेळ सरासरी १०० मिलिअँपिअर. तासाला एकदा उठणारं असं यंत्र २,००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर कागदोपत्री दीड वर्ष चालेल. आता झोपण्याआधी राउटरचा चॅनेल आणि पत्ता त्या छोट्या कप्प्यात लिहून ठेवला तर शोधाशोध वाचते आणि काम एका सेकंदात होऊ शकतं. तोच सेल कागदोपत्री सहा वर्षांवर जातो. सेल आपणहून उतरतो ते वेगळं, त्यामुळे सहा वर्षं कुणी धरून चालू नये. पण वाचलेल्या चार सेकंदांची वीज ही तासभराच्या झोपेच्या अकरा पट भरते, हे खरं. चार-सहा बाइटांची आठवण न ठेवण्याचा हा दंड.

हे छोटे कप्पे कसे वापरायचे याचा पहिला धडा म्हणून ईएसपी-३२ बरोबर एक नमुना प्रोग्रॅम येतो. त्यात एकच संख्या जपायची असते : आपण कितव्यांदा उठलो. दर वेळी उठायचं, संख्येत एक मिळवायचा, ती छापायची, पुन्हा झोपायचं. पडद्यावर एक, दोन, तीन, चार असं येत राहतं. सेल काढून पुन्हा लावला की परत एक. विद्यार्थी हा नमुना चालवून पुढे जातात, पण सुषुप्तीवरचा, म्हणजे गाढ झोपेवरचा, जुना वाद इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो.

तो वाद असा. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, मस्त झोपलो, काहीच कळलं नाही. अद्वैती म्हणतात, ही आठवण आहे. आणि अनुभवाशिवाय आठवण होत नाही. म्हणजे झोपेतही कुणीतरी साक्षी जागा होता आणि त्याने ते सुख आणि ते न कळणं अनुभवलं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे लोक, म्हणतात, आठवण कसली, हे अनुमान आहे. अंग हलकं वाटतंय, डोकं शांत आहे, खिडकीत ऊन आलंय, मधल्या वेळेचं काही आठवत नाही. यावरून झोपलो होतो असं ठरवलं. आत्मा दोघांनाही मान्य. पण गाढ झोपेत न्यायाचा आत्मा ज्ञानाशिवाय नुसता असतो.

मॉड्यूल सरळ नैयायिकांच्या बाजूचं आहे. ते उठतं आणि पहिल्यांदा एक नोंद वाचतं : का उठलो? घड्याळाने उठवलं, बाहेरून कुणी बटण दाबलं, की वीजच नव्याने आली? मग कप्प्यातली संख्या वाचतं. यातलं काहीच त्याने झोपेत पाहिलेलं नसतं. किती वेळ झोपलो हेही त्याला नेमकं ठाऊक नसतं. आतलं घड्याळ तापमानाबरोबर पुढेमागे सरकतं, म्हणून उठल्यावर इंटरनेटवरून खरी वेळ विचारून घ्यावी लागते. शिवाय न्यायदर्शन स्मृतीला स्वतंत्र प्रमाण मानत नाही, आणि अनुभवी प्रोग्रॅमरही मानत नाही. वीज जाऊन आली तर कप्प्यात कचरा असू शकतो, आणि कचराही संख्याच दिसतो. म्हणून आठवणीबरोबर तिची बेरीज-पडताळणी, सीआरसी, लिहून ठेवतात. उठल्यावर ती जुळली तरच आठवणीवर विश्वास.

मग अद्वैत्यांचा साक्षी हरला का? इतक्या लवकर नाही. 'काहीच कळलं नाही' हे वाक्य मॉड्यूललाही छापायला लावता येईल, पण मस्त झोपलो यातला 'मस्त' त्याच्याकडे नाही. काम पुढे न्यायला साक्षी लागत नाही, एवढंच मॉड्यूलने दाखवलं. साक्षी मुळातच नाही, हे दाखवायला वेगळा पुरावा लागेल आणि तो कुठल्याही डेटाशीटमध्ये सापडणार नाही. प्रश्नोपनिषदात पिप्पलादाला गार्ग्य विचारतो की माणसात झोपतं कोण आणि जागं राहतं कोण. उत्तर येतं, या देहाच्या नगरीत प्राणांचे अग्नी जागे राहतात. चिपमधलं घड्याळ या प्राणाच्या जागी बसवता येतं. साक्षीच्या जागी बसवता येईल असं चिपमध्ये काही नाही. हा फरक विसरून उपनिषदांत आधुनिक इलेक्ट्रॉनिक्स शोधणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही, म्हणून इथे स्पष्ट सांगितलेलं बरं. आणि ज्ञानेश्वरांची तर तिसरीच तऱ्हा. त्यांचं घराणं पैठणजवळच्या आपेगावचं. अमृतानुभवाचं सगळ्यात मोठं प्रकरण त्यांनी अज्ञानाचं खंडन करण्यातच घालवलं आहे. अज्ञान म्हणून काही वस्तूच नसेल, तर झोपेत ते अनुभवलं कुणी आणि आठवलं कुणी, हा सगळा फडच विस्कटतो.

बौद्धांना मात्र टिकून राहणारा 'तो'च नको होता. मिलिंद राजाने नागसेनाला हेच विचारलं तेव्हा नागसेनाने दिव्याचा दाखला दिला : पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच नव्हे, वेगळीही नव्हे. पण गाढ झोप बौद्धांनाही अडचणीची. मनाचा प्रवाह थांबला तर सकाळी साखळी पुढे जोडायची कशाला? असंग आणि वसुबंधू यांच्या योगाचार पंथाने उत्तर दिलं, आलयविज्ञान. वरचं मन गाढ झोपेत आणि मूर्च्छेत बंद पडतं. खाली एक साठवणीचा प्रवाह चालू राहतो, त्यात कर्मांची बीजं असतात, आणि जाग आल्यावर ती उगवतात. तो प्रवाहही क्षणाक्षणाला बदलणारा, मालक नसलेला. आठ किलोबाइटच्या कप्प्याचं याहून नेमकं वर्णन दुसऱ्या कुठल्या दर्शनात मिळत नाही.

योगाचाराचा जोम आणि अजिंठ्याच्या लेण्यांचा दुसरा मोठा टप्पा ढोबळमानाने एकाच काळातले : चौथं-पाचवं शतक, अजिंठ्याला वाकाटक राजा हरिषेणाचा अंमल. शहरापासून शंभरेक किलोमीटरवर या वादाचे पुरावे दगडात आहेत. क्रमांक २६ च्या लेण्यात डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणातला बुद्ध उजव्या कुशीवर पहुडला आहे, जवळजवळ सात मीटर लांब. त्याच लेण्याच्या बाहेर बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा संस्कृत शिलालेख आहे. अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ हे लेणं कोरवल्याचं तो सांगतो, आणि कारणही देतो. त्याचा आशय असा की जगात माणसाची आठवण ताजी आहे तोवर तो स्वर्गात सुखाने राहतो. म्हणून डोंगरात सूर्य-चंद्र असेतो टिकेल असं स्मारक करावं. सगळं क्षणिक मानणाऱ्या धर्माचा भिक्षू आठवण टिकवण्यासाठी बसाल्ट निवडतो. विजेविना टिकणाऱ्या स्मृतीची ही तजवीज होती, आणि दीड हजार वर्षांनी अक्षरं अजून वाचता येतात. चिपमध्ये हे काम फ्लॅश मेमरी करते. तिला धरून ठेवायला वीज लागत नाही. पण तिचा एकेक भाग साधारण लाखभर वेळाच पुसून लिहिता येतो, म्हणून दर मिनिटाची मोजणी फ्लॅशमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम काही महिन्यांत तिची झीज करून टाकतो.

त्याच्या अलीकडेच क्रमांक २४ चं लेणं आहे. अर्धवट. कुठे खांब पुरा सुटलेला, कुठे दगडात अडकलेला, छिन्नीचे घाव उघडे. हरिषेण गेला, आश्रय तुटला, काम थांबलं. ब्रह्मसूत्रांचं पहिलं कारण इथे उभं राहून तपासावं. अर्धं काम पुढे नेतो म्हणून तो तोच, हे ठीक. पण काम तर इथे नीट जपून ठेवलेलं आहे, आठवणही दगडात आहे, आणि पुढे न्यायला कुणी उठलेलं नाही.

आणि जातकं? अजिंठ्याच्या क्रमांक १ आणि १७ च्या भिंतींवर बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा रंगवल्या आहेत. जातककथेचा शेवट ठरलेला : त्या वेळचा तो राजा, तो हत्ती, तो मीच होतो, असं बुद्ध सांगतो. अनात्म शिकवणाऱ्याच्या तोंडी 'तो मीच'! साखळीची आठवण असली की 'मी' म्हणता येतं, त्यासाठी आत मालक असावाच लागतो असं नाही, ही बौद्धांची बाजू. आपल्या प्रयोगशाळेतल्या बोर्डाला ही बाजू चपखल बसते. बोर्ड मागच्या तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे येतं. नव्या मुलाने वीज दिली की ते आपणहून, कुणी न सांगता, जुन्या मालकाच्या घरच्या वायफायला जोडायला धडपडतं, कारण नाव आणि पासवर्ड फ्लॅशमध्ये तसेच असतात.

राहिलं चौथं कारण, विधी, आणि मॉड्यूल तिथेच संपूर्ण नापास होतं. पैठणकडच्या एखाद्या बागेत ओलीचा सेन्सर आणि ठिबकचा व्हॉल्व्ह एकाच मॉड्यूलवर आहे असं समजा. रात्री सेल क्षणभर हलला, कप्पा पुसला गेला, उठलेल्या मॉड्यूलने आज पाणी दिलंच नाही असं ठरवून पुन्हा दिलं. जाब कुणाला विचारायचा? काम पुढे नेणारं तेच, आठवण ठेवणारं तेच; तरी जबाबदार ते नाही. काय लक्षात ठेवायचं आणि वीज वाचवायला काय टाकून द्यायचं, हे ज्याने ठरवलं तो जबाबदार. सूत्रकारांनी विधीला शेवटी ठेवलं असलं तरी तोलात ते पहिलं आहे. काम आणि आठवण यांवरून ओळख पटते. उत्तरदायी कोण हे त्यावरून ठरत नाही, आणि 'उठला तो तोच का' या प्रश्नाची खरी गरज तर उत्तरदायी ठरवतानाच पडते. यंत्रं बोलू लागली, निर्णय घेऊ लागली, तशी त्यांनाच दोषी धरण्याची सोय मोठी वाटू लागली आहे. ती सोय नाकारायला हवी.

तोवर एक साधं काम करता येईल. घरातला वायफायचा बल्ब, प्लग किंवा जुनं नोडएमसीयू भंगारात टाकण्याआधी किंवा धाकट्या भावंडाला देण्याआधी त्याची फ्लॅश पुसून टाका. बल्ब-प्लगला कंपनीच्या ॲपमध्ये फॅक्टरी रिसेट असतो, तो तरी नक्की करा. बोर्ड संगणकाला जोडून पुसण्याची आज्ञा दिली की मिनिटाच्या आत काम होतं. वीज बंद केल्याने पासवर्ड जात नाही.